डाव्या अंगाचं दार

दार सरकलं तेव्हा जयमालाच्या बोटांत सासूच्या, शालूबाईंच्या, पदराचा काठ होता. राजूर घाटाच्या चढावर तिच्या नवऱ्यानं, भागवतनं, व्हॅन उजवीकडे वळवली आणि डाव्या अंगाचं सरकतं दार, जे निघताना त्यानं चांगलं आपटून लावलं होतं, जागेवरून सुटून मागे निघालं. फार मोठा आवाज झाला नाही. लोखंडावर लोखंड घासत गेलं आणि मग एकदम वारा आत आला. शालूबाईंचा चालता हात, डावा, आधारासाठी दाराच्या मुठीवर होता. मूठ मागे गेली तसा हात गेला, हातामागे खांदा गेला, आणि गेल्या पोळ्यापासून उजव्या अंगानं मेलेलं ते शरीर सावकाश बाहेर कलायला लागलं. खाली रस्ता पळत होता. जयमालाला कडेचा पांढरा पट्टा दिसला, पट्ट्यापलीकडची खडी दिसली, वाळक्या गवतात अडकलेली एक निळी पिशवी दिसली. सगळं स्वच्छ दिसत होतं. दवाखान्यात जायचं म्हणून तिनंच सासूच्या मॅक्सीवरून पातळ गुंडाळलं होतं, त्या पातळाचा पदर आता तिच्या बोटांतून सरकत होता, आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाच्या मानानं काठ किती जाड आहे, हेही तिला कळत होतं. हात मिटायचा होता. एवढंच करायचं होतं. हात मिटला नाही.

मग मिटला. कधी, ते तिला सांगता आलं नसतं. तिनं पदर धरला, मग दंड धरला, आणि ओढलं तेव्हा शालूबाईंचं कपाळ दाराच्या खांबावर आपटलं. गाडी थांबली. भागवत धावत फिरून आला आणि आधी त्यानं आईकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं. दाराला त्यानं एक लाथ मारली. कपाळावर बोटभर खोक पडली होती, रक्त भुवईत उतरत होतं. जयमालानं स्वतःच्या पदरानं ते दाबून धरलं, आणि तेव्हा शालूबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. जीभ गेल्यापासून त्यांचे डोळे बहुतेक वेळा पाण्यातल्यासारखे असत, कुठंतरी पलीकडे पाहणारे. आता ते तसे नव्हते. त्या नीट पाहत होत्या. कुणीतरी अनोळखी माणूस आपल्या घरात सापडल्यावर पाहावं तसं.

बुलढाण्याच्या दवाखान्यात खोकेला टाके पडले नाहीत, नुसती पट्टी झाली. व्यायाम करून घेणाऱ्या मुलीनं नेहमीसारखी मेलेल्या हाताची बोटं एकेक करून उघडली आणि मिटली. जयमाला भिंतीशी बसून पाहत राहिली. ती मुलगी सारखी म्हणत होती, आजी, मूठ करा, मूठ करा. जयमालानं आपला डावा हात पदराखाली घेतला आणि मिटून पाहिला. तो मिटत होता. परतीच्या वाटेवर भागवतनं दाराची मूठ आणि पुढच्या सीटचा दांडा निळ्या नायलॉनच्या दोरीनं असे काही आवळले की घरी पोचल्यावर गाठ कापावी लागली.

मोताळ्याजवळच्या त्यांच्या गावात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत झाली, आणि प्रत्येकाच्या तोंडी ती दाराचीच होती. दार कसं खराब होतं, जुन्या गाड्यांची दारं अशीच असतात, कुणाच्या गाडीतून लग्नाला जाताना आहेराची पेटी पडली होती. बाया शालूबाईंना पाहायला आल्या, पट्टीवरून हात फिरवला, आणि जाताना जयमालाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या की ती होती म्हणून म्हातारी वाचली. सून असावी तर अशी. लेकीनंही एवढं केलं नसतं. जयमालानं चहा केला, कप दिले, कप विसळले. नाही म्हणावं असं कुठं वाक्यच नव्हतं. ओढलं तर तिनंच होतं. काजलनं, तिच्या मुलीनं, पुण्याहून फोन केला आणि रडली, आई तू आजीला वाचवलंस असं म्हणाली, आणि जयमाला हो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं की आता ते तसंच झालं आहे. इतक्या जणांनी सांगितलं म्हणजे तसंच झालं असणार. आणि मग भाकरी थापताना, पिठाचा गोळा डाव्या तळव्यावर घेतल्यावर, तिला काठाची ती जाड वीण पुन्हा एकेका बोटावरून गेलेली जाणवली, आणि तिनं गोळा परातीत टाकून हात धुतला.

रात्रीच्या जेवणाला शालूबाईंनी तोंड उघडलं नाही. भाकरी दुधात कुस्करून ती चमच्यानं भरवायची. पोळ्यापासून दोन्ही वेळा तीच भरवत होती. तिनं चमचा ओठांना लावला तशी त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. दूध हनुवटीवरून गळ्यात गेलं. तिनं पुसलं, पुन्हा चमचा नेला. ओठ घट्ट मिटलेले. त्या अर्ध्या मेलेल्या तोंडात इतका जोर कुठून आला हे तिला कळेना. भागवत उंबऱ्यात उभा होता. तो आत आला, तिच्या हातातून वाटी घेतली आणि आईजवळ बसला. त्याच्या हातून शालूबाई जेवल्या. सकाळीही तसंच झालं. मग तसंच चालू राहिलं. मोताळा-बुलढाणा फेऱ्या मारणारा हा माणूस, ज्याला कधी घरी जेवायला यायला वेळ नसे, आता सवारी सोडून दुपारी परत यायचा, हात धुवायचा, आणि आईला भरवून जायचा. तो एकदाच म्हणाला की माय घाबरली आहे, जाईल भीती. असं म्हणताना तो वाटीकडे पाहत होता.

बाकीचा वेळ तो दाराशी असायचा. आधी त्यानं रुळात ऑइल सोडलं. मग कुलपाचा खटका हातोडीनं ठोकून वाकवला. दोन दिवस बरं चाललं, मग नाल्याच्या खड्ड्यात दार पुन्हा सुटलं, गाडी रिकामी होती म्हणून बरं. मग त्यानं गोठ्याच्या दाराची जुनी कडी काढून आणली आणि व्हॅनच्या पत्र्याला भोकं पाडून ती आतून बसवली. चार स्क्रू, खाली लाकडाचा तुकडा. गाडीच्या आत गोठ्याची कडी. जयमाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायची, तो अंगणात दार ओढतो आहे, लावतो आहे, ओढतो आहे, लावतो आहे. गुडघ्यावर बसून फटीत डोळा लावतो आहे. लहानपणी घड्याळ उघडून बसणारी मुलं असतात तसा त्याचा चेहरा नव्हता. तो त्या दाराला काहीतरी कबूल करायला लावत होता. कडीही टिकली नाही, पत्रा फाडून निघाली.

शालूबाईंचा आवाज, जेव्हा होता तेव्हा, सगळ्या घराला पुरून बाहेर जायचा. त्या शेताच्या धुऱ्यावर उभ्या राहून हाक मारायच्या ती पलीकडच्या वावरातल्या लोकांना आपल्यालाच मारली असं वाटायचं. लग्न होऊन आली तेव्हा जयमाला त्या आवाजाला इतकी घाबरायची की हातातलं भांडं पडायचं. आणि त्याच आवाजानं त्यांनी एकदा गावातल्या बायांना अंगणातून हाकललं होतं. जयमालाचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, बाया समाचाराला येऊन तिनं काय खाल्लं, काय ओलांडलं हे विचारत बसल्या होत्या, आणि शालूबाई आतून येऊन म्हणाल्या होत्या, उठा, लेकरू माह्या घरचं गेलं, तुमच्या घरचं नाही. मग दूध दाटलेली तिची छाती त्यांनी स्वतः बांधली होती, आणि महिनाभर तिच्या शेजारी जमिनीवर झोपल्या होत्या. झोपेत त्यांचा हात तिच्या पोटावर असायचा. हे सगळं खरं होतं. आणि हेही खरं होतं की आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी जायचं म्हटलं की त्याच शालूबाईंना नेमका कामाचा ढीग दिसायचा, आणि आज जा उद्या जा करताना झोके उतरलेले असायचे. लोणारकडच्या बीबी गावात तिची आई ओट्यावर बसून बसची वाट पाहायची. आईनं कधी तक्रार केली नाही, तिच्यात तो आवाजच नव्हता.

या हिवाळ्यात आई आजारी पडली. भाऊ फोन करायचा, ती तुझं नाव घेते, ये. जयमाला भागवतला म्हणायची, भागवत बहिणीला फोन करायचा, बहीण म्हणायची की तिच्या घरी कापूस वेचणीला आला आहे. लकवा झालेल्या माणसाला चार दिवस कोण सांभाळणार, कूस कोण बदलणार, कपडे कोण बदलणार. भागवतनं एकदा स्वतः करून पाहिलं. आईला उघडं पाहून तो बाहेर जाऊन ओकला, आणि शालूबाई डोळे मिटून रडल्या. मग जयमालाच म्हणाली, राहू द्या, पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढच्या आठवड्यात ती गेली तेव्हा ओट्यापुढे माणसं पांढऱ्या टोप्या घालून बसली होती आणि राख सावडून झाली होती. ती रडली नाही. भावजयीनं आईचं पांघरूण दाखवलं, ते घडी करून ठेवलं होतं. संध्याकाळी ती परत निघाली, कारण इकडे शेजारीण फक्त संध्याकाळपर्यंतच थांबणार होती. घरी येऊन तिनं हातपाय धुतले आणि शालूबाईंची कूस बदलली. पाठीला लाल झालं होतं, तिथं तेल लावलं. शालूबाईंनी डाव्या हातानं तिचा गाल चाचपला होता. त्यांना सांत्वन करायचं असावं. तो हात गालावर असताना जयमालाला आत काहीतरी थंड, घट्ट, कणकेच्या गोळ्यासारखं बसलेलं जाणवलं होतं, आणि तिनं त्याला नाव दिलं नव्हतं. काम पडलं होतं.

आता ती त्याला नाव द्यायचा प्रयत्न करायची. भांडी घासताना, कपडे वाळत टाकताना. मी मारायला निघाले होते का? नाही. मी ढकललं नाही, दार उघडलं नाही. मला वाटलं का, की पडू दे? तेही तिला सापडत नव्हतं. त्या वेळात तिच्या मनात शब्दच नव्हते. पांढरा पट्टा होता, निळी पिशवी होती, आणि एक फार शांत, फार मोकळी जागा होती, जिथं कुणाची कूस बदलायची नव्हती. तिला जर कुणी विचारलं असतं की तुला तिथं कसं वाटलं, तर खरं उत्तर होतं, बरं वाटलं. दुसऱ्या कुणाचा हात असा वेळेवर मिटला नसता तर तिनं त्या माणसाला घरात घेतलं नसतं. शालूबाईही तिला जवळ घेत नव्हत्या. त्या आता जाग्या असल्या की आपल्याच पदराचा काठ आपल्याच डाव्या मुठीत आवळून धरायच्या. जयमाला कपडे बदलायला गेली की ती मूठ सोडवावी लागायची, एकेक बोट उघडून.

मंगळवारी दवाखाना होता. त्याआधी गाडी दाखवू, असं भागवत म्हणाला. बुलढाण्यात धाडच्या रस्त्याला कय्यूमचं गॅरेज होतं, पत्र्याचं, मागच्या अंगाला त्याचं घर. कय्यूम मूळचा धाडचा, जुन्या व्हॅनच्या कामात जो तो त्याचंच नाव सांगायचा. त्यानं दार दोनदा सरकवलं, खालून हात घालून उचलून पाहिलं, आणि म्हणाला की कुलूप चांगलं आहे. भागवतला ते पटेना. त्यानं खटका दाखवला, हातोडीच्या खुणा दाखवल्या, कडीची भोकं दाखवली.

"ते तुमी ठोकून ठोकून खराब केलं, भाऊ," कय्यूम म्हणाला. "खालचं रोलर घासून गेलं. दार बसलं खाली. कुलूप वर, पकड खाली. भेटतच नाही ते एकमेकाले, तं धरन कुठून?"

दार पूर्ण काढावं लागणार होतं. शालूबाईंना उन्हात गाडीत कसं बसवायचं म्हणून कय्यूमची बायको सरवरी बाहेर आली आणि घरात पलंग मोकळा आहे म्हणाली. भागवतनं आईला दोन्ही हातांवर उचलून आत नेलं. सरवरीनं पंखा लावला, चादर बदलली, आणि गुळगुळीत स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं. जयमालानं पेला शालूबाईंच्या तोंडाशी नेला. मान फिरली. सरवरीनं ते पाहिलं, हसून पेला स्वतःच्या हातात घेतला आणि लहान मुलाशी बोलावं तसं काहीबाही बोलत पाणी पाजलं. शालूबाई घटाघट प्यायल्या. तहान लागली असणार केव्हाची.

सरवरी म्हणाली की म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, जो सगळ्यात जास्त करतो त्याच्यावरच रुसतात. तिची सासू शेवटी शेवटी तिला चोर म्हणायची. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं की हे कपाळाला काय झालं, आणि जयमालानं दाराची गोष्ट सांगितली. इतक्या वेळा सांगून तिला ती आता नीट येत होती. चढ, वळण, दार, वारा. मी ओढलं. सरवरीनं तिचा डावा हात दोन्ही हातांत घेतला आणि आपल्या डोळ्यांना लावला. या हातानं वाचवलं म्हणाली. जयमालानं हात काढून घेतला नाही. पलंगावरून शालूबाई पाहत होत्या. त्यांच्या घशातून एक आवाज आला, लांब, खालच्या पट्टीतला, ज्याला व्यंजन नव्हतं. सरवरीला वाटलं बाथरूमला जायचं असेल.

बाहेर दार पोत्यावर आडवं पडलं होतं आणि व्हॅन एका अंगानं उघडी उभी होती. जयमाला दाराच्या चौकटीपाशी येऊन थांबली. आतली सीट, सीटवरचा टॉवेल, उशी, प्लॅस्टिकचा कागद, पाण्याची बाटली, सगळं रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत होतं. तिला वाटलं भागवतला आत्ताच सांगावं. पण तो कय्यूमच्या शेजारी उकिडवा बसून जुनं रोलर हातात फिरवत होता. रोलरची एक बाजू चंद्रकोरीसारखी घासली होती. तो ते अंगठ्यानं पुन्हा पुन्हा चाचपत होता. कय्यूम म्हणाला हे फेकून द्या, तरी त्यानं खिशात घातलं.

काम झालं तेव्हा दुपार कलली होती, दवाखान्याची वेळ निघून गेली होती. नवीन रोलर बसलं, पकड वर उचलून घेतली, भोकं बुजवली. कय्यूमनं एका बोटानं दार ढकललं आणि ते सरकत जाऊन ठक करून बसलं. त्यानं सगळं अंग टाकून ओढलं, हललं नाही. सरवरीनं शालूबाईंच्या कपाळाला हात लावून निरोप दिला. भागवतनं आईला डावीकडे, तिच्या जागेवर बसवलं, आणि जयमाला तिच्या मेलेल्या अंगाला टेकून बसली. गाडी घाट उतरायला लागली. शालूबाईंनी मुठीला हात लावला नाही, त्यांचा हात मांडीवर, पदर आवळून. प्रत्येक वळणाला त्यांचं वजन जयमालाकडे यायचं नाहीतर दाराकडे जायचं, आणि दार जागचं हलत नव्हतं. जयमालाला वाटलं होतं की दार दुरुस्त झाल्यावर काहीतरी संपेल. दार बंद होतं, वारा बंद होता, आणि गाडीत ती होती.

अर्धा घाट उतरल्यावर, रस्ता जरा रुंद आहे तिथं, भागवतनं गाडी कडेला घेतली आणि उतरला. फिरून डाव्या अंगाला आला, दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. आतून शालूबाई अंग चोरत होत्या. जयमाला ड्रायव्हरच्या बाजूनं उतरली आणि त्याच्यापाशी गेली. बस झालं, लागलं ते, असं ती म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. दार लागलेलं असताना तो मुठीला लोंबकळल्यासारखा ओढत होता. तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो थांबला, आणि तिच्या हाताकडे पाहत राहिला. दोघं गाडीपासून चार पावलं दूर, कठड्यापाशी गेले.

"दाराचं नव्हतं ते," जयमाला म्हणाली. "माह्या बोटात पदर होता त्याईचा. धरता येत होता. मी धरला नाही. धरला, पण लगेच नाही धरला."

खालून एक ट्रक चढत आला आणि निघून गेला. जयमाला वाट पाहत होती की तो म्हणेल, घाबरली असशील. त्यावर काय म्हणायचं हे तिनं ठरवलं होतं. नाही, म्हणायचं. घाबरले नव्हते. तेच तर.

"मले माहीत आहे," तो म्हणाला. "आरशात दिसलं मले."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो दरीकडे पाहत होता.

"मंग काऊन नाही बोलले?"

"काय बोलू? तू धरलं तरी. माहा पाय अॅक्सिलेटरवरच होता, जयमाला. दार उघडलं ते दिसलं, माय कलली ते दिसलं, तुहा हात दिसला. सगळं दिसून राह्यलं होतं, अन मी गाडी चालवून राह्यलो होतो. तू तिले आत ओढलं, मंग मी ब्रेक दाबला."

ती ऐकत राहिली. तिच्या कानांनी तो क्षण पुन्हा उघडला, आणि त्यात इंजिन होतं. काठ बोटांतून जात असताना, पट्टा, खडी, निळी पिशवी जात असताना, इंजिनचा आवाज एकसारखा होता, कुठं कमी झाला नव्हता. तिनं तो ऐकला होता, तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तर त्या मोकळ्या जागेत ती एकटी नव्हती. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. उलट तिला त्याचा राग आला, इतका की कठडा धरावा लागला. तो दुपारी येऊन वाटी घ्यायचा, हात धुऊन भरवायचा, आणि म्हणायचा माय घाबरली आहे. इतके दिवस ती एकटी चोर होती आणि तो आईचा मुलगा होता. मग रागही ओसरला. पन्नाशीच्या माणसाचा, चार दिवसांच्या पांढऱ्या दाढीचा तो चेहरा, शालूबाईंसारखाच, एका बाजूला ओघळलेला.

"तिले तुहं माहीत आहे," तो म्हणाला. "माहं माहीत नाही. माह्या हातचं खाते ती. रोज खाते."

पुढच्या मंगळवारी पुन्हा यायचं होतं, त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा. डॉक्टर म्हणाले होते शालूबाईंचं हृदय चांगलं आहे.

काचेवर थाप पडली. दोघांनी वळून पाहिलं. काचेपलीकडे शालूबाईंचा चेहरा होता, तोंड उघडं, आणि डावा तळवा काचेवर आपटत होता. आवाज इथपर्यंत नीट येत नव्हता. मग तो हात खाली गेला, मुठीवर. त्या दार ओढत होत्या. खांदा हलताना दिसत होता. दार उघडत नव्हतं. भागवत हलला नाही, जयमालाही हलली नाही. किती वेळ ते तसे उभे राहिले, हे दोघांनाही कळत होतं, आणि दोघांनाही कळत होतं की दुसऱ्याला कळतं आहे.

मग ती गेली. तिच्यामागून तो आला. तिनं मूठ दाबली, दार मागे ढकललं. आतून वास आला. प्लॅस्टिकचा कागद ओला झाला होता, पातळ खालून भिजलं होतं, डाव्या मुठीत पदर पुन्हा आवळलेला होता, आणि शालूबाईंचे डोळे लाजेनं भरले होते. सरवरीकडे पाणी जास्त झालं होतं, लघवी लागल्याचंच त्या तिथंही सांगत असाव्यात. जयमालानं सीटखालची पिशवी ओढली, जुन्या लुगड्याचे तुकडे काढले, बाटलीतल्या पाण्यानं एक भिजवला. गाडी उतारावर तोंड करून उभी होती आणि नवीन रोलरवरून दार आपोआप पुढे येत होतं. भागवतनं ते दोन्ही हातांनी मागे धरून ठेवलं, आणि रस्त्यावरून कुणाला दिसू नये म्हणून पाठ बाहेर करून, स्वतःची नजर टपाकडे लावून उभा राहिला.

कपडा काढायचा तर शालूबाईंना उचलावं लागणार होतं. जयमाला वाकली, त्यांच्या मेलेल्या बगलेखालून हात घातला आणि सवयीनं म्हणाली, "धरा, आत्याबाई."

शालूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग मुठीतला पदर सोडला आणि डावा हात तिच्या गळ्यात टाकला. धरायला दुसरं काही नव्हतं.